माणसांना देऊ नये

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… अगं ताई, तू होय. नंबर दुसराच दिसला… किरणच्या फोनवरनं करतेस? तुझा कुठं गेला?… बरं, चार्जिंगला. बोल.

नाय गं, कसली कामात. अंगणात बसलेय, सुकट निवडतेय. सासूबाई बाजूला बसल्यात, काठी घेऊन, मांजराच्या बंदोबस्ताला… हो, बऱ्या हायत. गुडघे तेवढे धरलेत, तोंड पयल्यापासनं ठणठणीत… नाय, नीट ऐकू नाय जात त्यांना, म्हणून तर बोलतेय.

हे ना? हे मागच्या पडवीत. घोड्याच्या दोरीला नवीन कडी बसवतायत… अगं, उद्या चाललेत माथेरानला. मे महिन्याची गर्दी सुरू झाली ना. उद्यापासनं कामावर.

काय झालं? कसे जातील म्हणजे?

खांदा बरा झाला म्हणून चाललेत, उगाच नाय… बरा म्हणजे बरा. हात पार डोक्याच्या वर जातो. हातच्या काकणाला आरसा कशाला, कालच माझ्यासमोर माळ्यावरचा डबा काढला… उजव्याच हातानं गं. दुखऱ्याच.

डॉक्टर काय बोलले ते मला माहीत हाय, ताई. कर्जतला मीच होते ना बरोबर. खांद्यातली नस अर्धी फाटलीय, तीन महिने ओढाताण करायची नाय, केली तर उरलेली पण तुटेल, मग हात कायमचा गेला समजायचं… हो, पाठ हाय मला. पण औषध लागू पडलं तर माणसानं काय करावं? घरी बसून नस मोजत बसावं?

कुठलं औषध म्हणजे? तुझ्याच किरणनं दिलेलं… अगं बाई. तुला घरात बोलला नाय तो?… आज कळलं? आत्ता?

मग तू आदी माझं ऐक. चिडू नको. आदी ऐक ना.

तो घोडा हाय ना, चॉकलेट… हो, तसलंच नाव हाय, पर्यटकांच्या पोरांना आवडतं म्हणून. घोडा सहदेवभाऊंचा, पण शिंगरू होतं तवापासनं ह्यांच्याच हातचा. ह्यांच्याशिवाय दुसऱ्याला अंगाला हात लावू देत नाय. तर पाठीवर एक बाई बसलेली, हातात वेफर्सचं पाकीट. माथेरानच्या माकडाला आणखी काय पायजे? माकड आलं झेप घेऊन, बाई किंचाळली, घोडा उधळला. ह्यांनी दोरी सोडली नाय… सोडायला पायजे होती, बरोबर हाय तुजं. पण सोडली असती तर बाई दरीत गेली असती. बाई वाचली, वेफर्स माकडाला मिळाले, आणि ह्यांचा खांदा गेला. सगळ्यात फायदा माकडाचा.

मग तुझा किरण बगायला आला. जिलेबी घेऊन आला शिळफाट्यावरनं, पोरगा मायेचा हाय, ते मी कदी नाय नाकारणार. तो बोलला, काका, दुखणं हत्तीच्या पायानं येतं न् मुंगीच्या पायानं जातं हे जुनं झालं. आमच्या जिममध्ये सगळे पेप्टाईड घेतात. सुईनं पोटाच्या कातडीत टोचायचं, आतल्या आत नस सांधली जाते… हो, पेप्टाईड. सासूबाईंनी ऐकलं पोट-पाईप. सगळ्या आळीत सांगून आल्या, गजाच्या पोटात पाईप घालणार हायत. दोन बायका भेटायला आल्या नारळ घेऊन.

काय असतं ते मी विचारलं की. आपल्या पोटातल्या रसातच काय तरी असतं म्हणे, त्याचाच तुकडा. जखमा भरतो. उंदरांवर करून बगितलंय, उंदरांच्या तुटलेल्या नसा जुळल्या म्हणे. तर सासूबाई बोलल्या, उंदीर बरे करायचं औषध काढतायत? आमी मारायचं आणून दमलो. आणि मी बोलले, आपल्याच पोटात हाय तर विकत कशाला आणायचं? काखेत कळसा न् गावाला वळसा… हसू नको. किरणला पण सांगता नाय आलं.

हां, बोल तुझं…

कोण? जिममधला कोण?… दंडावर?… केवढी गाठ?… पू झाला? अरे देवा… हेच औषध टोचून?… आणि त्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं?… हां… हां… म्हणजे माणसांवर नीट तपासलंच नाय अजून?… सरकारनं पास केलेलं नाय… बाटलीत खरंच तेच असतं का, ते पण ठाऊक नाय… हां.

किरण कुठं हाय?… बाजूलाच बसलाय? रडतोय?… अगं नको ओरडू त्याला. आपलेच दात न् आपलेच ओठ. त्याला सांग, काकांना कायपण झालेलं नाय, ना गाठ, ना ताप. उलट हात वर जातो. सांग त्याला… सांगितलंस?… काय बोलतो?

लेबल? कसलं लेबल?… बाटलीवर? बाटलीवर कायपण नव्हतं. नुसती बाटली होती, तळाला चिमूटभर पांढरं चिकटलेलं… नाय, किरणला सांग, मी डोळ्यांनी बगितलीय, एक अक्षर नव्हतं.

लाल अक्षरात?… इंग्रजीत?… काय लिहिलेलं, परत सांग…

ताई, थांब.

परत सांग. शब्द-शब्द सांग… "नॉट फॉर ह्यूमन"…

ती होय. पण ती तर कोंबड्यांची.

अगं, कोंबड्यांची बाटली ती. माझ्या कोंबड्यांची… ऐक ना, मला पण आत्ता गोंधळायला झालंय, तू मदे बोलू नको. मागच्या महिन्यात मी जनावरांच्या दवाखान्यातनं मानमोडीची लस आणलेली. गेल्या उन्हाळ्यात मान वाकडी करून करून निम्मा खुराडा रिकामा झाला होता ना, म्हणून. ती लस पण अशीच येते, इवल्याशा बाटलीत, तळाला पांढरं. पाण्यात कालवायची न् कोंबडीच्या डोळ्यात एक-एक थेंब. बर्फात घालून आणली, फ्रिजच्या दारात अंडी ठेवतो तिथं ठेवली. त्याच दिवशी किरणनं ह्यांना नाक्यावर बाटली दिली, ह्यांनी पण गपचूप तिथंच ठेवली, अंड्यांच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी फ्रिज उघडते तर दोन बाटल्या. एक नागडी, एकीवर कागद. म्हटलं, आता ह्यातली कोंबड्यांची कुठली? मग कागद वाचला. दहावी पास हाय मी, ताई, एवढं इंग्रजी येतं मला. नॉट. फॉर. ह्यूमन. माणसांना देऊ नये. आता तूच सांग, माणसांना देऊ नये असं लिहिलेलं औषध कोणासाठी असणार? मी काय बोलणार, हीच माझ्या नवऱ्याची?

हसतेस काय…

अगं हसू नको, ऐक. म्हणजे बर्फात कागद सुटला तो लसीचा. म्हणजे लेबलवाली किरणची. म्हणजे ते तुझ्या जिममधलं पेप्टाईड मी कोंबड्यांच्या डोळ्यात घातलं. सासूबाईंनी एक-एक कोंबडी पकडली, मी एक-एक थेंब सोडला. तुरेवाल्या कोंबड्याला दोन, तो धिप्पाड हाय म्हणून.

थांब, बाटली हाय माझ्याकडं. धुऊन ठेवलेली, नाकातली चमकी ठेवायला बरी म्हणून. बगते… आले आले, धर फोन… सासूबाई, सुकटीवर लक्ष ठेवा… सुकट, सुकट… लक्ष… ठेवा. हां.

हॅलो? हाय ना लायनीवर?… हो, सापडली. कागद हाय. तीन अक्षरं न् पुढं आकडा… हो, तेच. खाली लाल अक्षरात… तेच गं.

किरणला सांग, तेच.

मग हे काय टोचत होते इतके दिवस? हे टोचत होते मानमोडीची लस.

ताई, माझ्या नवऱ्याला कोंबड्यांची लस दिली गेली. मीच मागं लागत होते रोज. जेवण झालं की बोलायचे, जा, सुई घ्या. हे जायचे मोरीत, दार लावायचे, मला बगवत नाय म्हणून बाहेर मी देवाला हात जोडायचे… करायला गेले गणपती न् झालं माकड… काय?… मान? थांब, आठवू दे… नाय, मान सरळ हाय. काल आमटीत मीठ जास्त झालं तवा चांगली इकडनं तिकडं हलवली.

डोळे? नाय, लाल नायत… ताप नाय… कोंबड्या? कोंबड्यांना काय धाड भरलीय, त्या उकिरड्यावर नाचतायत. तुरेवाल्याच्या पायावर मुंगसानं ओरबाडलेलं, ते पण भरून आलं… किरणला नको सांगू हे, परत त्याचं डोकं फिरेल. जखम आपोआप भरते गं कोंबड्याची, औषधाला काय श्रेय द्यायचं.

पण ताई, मला एक सांग. पेप्टाईड ह्यांच्या पोटात गेलंच नाय, तर खांदा बरा झाला कशानं?

कोंबड्यांच्या लसीनं नस सांधली जाते होय?

हां, विश्रांतीनं… असंल. महिना काय थोडा नसतो… पण डॉक्टर तीन बोलले होते. आणि हात तर डोक्याच्या वर जातो… आता माझ्या डोक्यात काय चाललंय तुला सांगू? उद्या सकाळी हे दस्तुरीला, घोड्यांच्या तळावर जाणार, तो घोडा परत कशाला तरी बुजणार, आणि हे दोरी सोडणार नायत. ह्या माणसाला दोरी सोडता येत नाय. आणि खांदा आतनं तसाच असंल तर?

सांगायला पायजे. हो. आत्ताच… भीती वाटते गं. कोंबड्यांची लस टोचली हे ऐकून माणूस खाली बसायचा. बरा झालेला धीरच जायचा… नाय, नाय लपवणार. तू फोनवर राहा. ठेवू नको.

अहो… अहो, ऐकलं का? जरा इकडं या पुढं… दोरी राहू दे. बसा इथं… नाय, सुकट बाजूला करते… ताईचा फोन हाय. बसा आदी.

अहो, ती बाटली… किरणची. ती किरणची नव्हती. ती कोंबड्यांची होती… मानमोडीची… आणि तुमची मी कोंबड्यांना दिली. चुकून. माझी चूक झाली. आपण आत्ताच्या आत्ता कर्जतला जाऊ, डॉक्टरांना खरं काय ते सांगू, ते रक्त तपासतील…

हसताय काय?

ताई, हे हसतायत… जोरात नाय, मिशीत. मी इथं कबुली देतेय न् हे मिशीत हसतायत… अहो, तुमाला कळतंय का मी काय बोलते? कोंबड्यांची लस…

काय?

नाय टोचली?

म्हणजे एकदापण नाय?

ताई… ताई, हे बोलतायत, एकदापण टोचली नाय. मोरीत ओतून द्यायचे. सुईत भरायचे, नळ सोडायचे, ओतायचे, सुई डब्यात टाकायचे न् बाहेर यायचे… का? का हो?

सुईला भितात.

अगं खरंच. पयल्या दिवशी पोटाची कातडी चिमटीत धरली, सुई जवळ नेली, डोळ्यासमोर अंधारी आली न् बालदीवर बसले. घोड्यांचा डॉक्टर सुई द्यायला आला की चारचौघांतनं ह्यांनाच बोलावतात, गजा, डोकं धर. घोडा ह्यांच्याकडं बगून गप राहतो… तवा पण डोळे मिटून धरतात म्हणे. घोड्याला ठाऊक असणार, आमाला नव्हतं.

हो हो, किरणला सांग. सांग त्याला, काकांच्या अंगात कायपण गेलं नाय. ना त्याचं, ना कोंबडीचं. रडू नको म्हणावं, जेव म्हणावं. त्याच्या आईनं ह्यानंतर त्याला काय करायचं ते करावं.

आता जरा बरं वाटलं गं. पाणी पिते.

थांब. एक मिनिट.

अहो. मग हात?

औषध नाय, लस नाय, काय नाय. मग हात वर कशानं जातो?… करून दाखवा.

करा ना. कालचा डबा काढला तसा करा.

…हॅलो? हाय गं. हाय लायनीवर. हे नाय करत. जमिनीकडं बगतायत.

काय बोललात? मोठ्यानं बोला… दात आवळून? म्हणजे रोज?… मी बगत असले की?

ताई, ऐकतेस ना. हे बोलतायत, खांदा पयल्यासारखाच दुखतोय. रात्री त्या कुशीवर वळता येत नाय. माझ्यासमोर दात आवळून वर करायचे, मी पाठ फिरवली की डाव्या हातानं धरून खाली घ्यायचे. काल डबा दिला न् मागं जाऊन घाम पुसत बसले. आणि मी काय केलं, तर शेजारच्या बाईला हाक मारून सांगितलं, बगा आमच्या ह्यांचा हात.

का असं केलंत?… का?

सांगते, सांगते ताई, त्यांना बोलू दे… मला बोलतायत, तू एवढी खूश दिसायचीस. किरणच्या औषधानं गुण आला म्हणून देवाला साखर ठेवायचीस. तुला काय सांगायचं, मी सुईला भितो?

आणि?… आणि काय?

सहदेवभाऊंचा फोन आलेला. गर्दी सुरू होतेय, गजा येत नसंल तर चॉकलेट हर्षदच्या हातात देतो बोलले. कोण म्हणजे, भाऊंचा पुतण्या गं… पोरगा बरा हाय, वाईट नाय. पण ह्यांना ते सहन झालं नाय. म्हणून उद्या चालले होते. फाटलेला खांदा घेऊन.

मी नाय ओरडत, ताई. ओरडू कुणावर? मी पण आंधळीच. महिनाभर ह्या माणसासमोर बसून जेवतेय, हात वर गेला तेवढं बगितलं, तोंड नाय बगितलं. राग येतोय मला. ह्यांचा येतोय न् माझा पण येतोय… नाय, रडत नाय. सुकटीचा वास झोंबतोय.

अहो, इकडं बगा. ताईसमोर सांगते म्हणजे साक्षीला राहील. तुमी सुईला भ्या, सापाला भ्या, सगळ्या गावाला भ्या, मला काय वाटत नाय. पण दुखतंय ते माझ्यापासनं लपवायचं नाय. घोडा गेला तर बगू. हात गेला तर मी कुठनं आणू?

…

थांब गं, बोलतायत.

काय?… परत बोला.

ताई, हे बोलतायत, "सहदेवला फोन लाव. सांग, चॉकलेट हर्षदला दे. पण त्याला सांग म्हणावं, माकड दिसलं की घोड्याच्या डाव्या बाजूला उभा राहा, उजव्या बाजूनं तो बुजतो."

हो. स्वतःच बोलले… नाय, मी नाय सांगितलं त्यांना. उद्या सहदेवभाऊंना कळवते, मग कर्जतला जातो. ते डॉक्टरांनी हलके व्यायाम दिलेले ना कागदावर, ते पण एकदापण केले नायत, औषध चालू हाय तर व्यायाम कशाला म्हणून. आता करतील. मी समोर बसून करवून घेते, तोंडाकडं बगून.

कोंबड्यांना? कोंबड्यांना परत लस आणायची, दुसरं काय. ह्या वेळी बाटलीवर कोळशानं कोंबडी काढते… किरणला सांग, मावशीनं बोलावलंय. जिलेबी आण, बाटल्या आणू नको.

काय बोललीस? ऐकू नाय आलं… ह्यांना? नाय, ठीक हायत. उठलेत. मोरीकडं चाललेत… आंघोळीला. संध्याकाळची करतात उन्हाळ्यात, रोज अर्धा-अर्धा तास. मी आपली बोलायचे, माणूस झाला की म्हैस, पाण्यातनं निघतच नाय.

…

अहो. थांबा जरा. दार लावू नका.

ताई, ठेवते आता… नाय गं, काय झालं नाय. एका हातानं आंघोळ करतोय माणूस महिनाभर, पाठीला पाणी लागलं नसंल. पाठ चोळायचीय ह्यांची… नाय, उद्या बोलू.

ठेवते.